हात सोडायचा नाही

मोठ्या भावोजींनी निवृत्त झाल्यावर बोट घेतली, ही बातमी माझ्या नवऱ्याला सासूबाईंकडून कळली. दोघे सख्खे भाऊ, राहायला दोन गल्ल्यांच्या अंतरावर, पण चार वर्षं त्यांचं बोलणं बंद होतं. काही सांगायचं झालंच तर आईला सांगायचं आणि आईने ते पुढे पोचवायचं. एका टेबलाशी बसले असले तरी हाच शिरस्ता. "आई, दादाला सांग, मीठ इकडे दे." सासूबाई मान वळवून म्हणायच्या, "थोरल्या, मीठ दे त्याला." मीठ यायचं, शब्द यायचा नाही.

भांडणाचं कारण शिडी. भावोजी गच्चीवरच्या टाकीचा नळ दुरुस्त करायला चढले होते आणि माझ्या नवऱ्याने खालून शिडी काढून नेली. त्याला दिवा बदलायचा होता. दिवा बदलला, मग तो बाजारात गेला, आणि तिथून परस्पर सिनेमाला. भावोजी तीन तास टाकीला टेकून बसून होते. हाका मारायची लाज वाटली म्हणे. समोरच्या इमारतीतल्या लोकांना आपण हौसेने बसलोय असं वाटावं, म्हणून ते अधूनमधून त्यांना हात करत होते.

असो. बोट तशी बेताचीच होती. वर सुकाणू आणि दोन खुर्च्या. चार पायऱ्या उतरलं की एक खोली, तिच्यात समोरासमोर बाकं, एक ओटा, ओट्याखाली कपाट, भिंतीला एक छोटं कपाट आणि दोन फळ्या. आधीच्या मालकाने हे सगळं नव्या प्लायवूडचं करून घेतलं होतं आणि कडा मात्र तशाच उघड्या ठेवल्या होत्या. प्लायवूडची उघडी कड म्हणजे थरावर थर, एक आडवा, एक उभा. जाऊबाई म्हणायच्या, "वेफरच्या बिस्किटात राहायला आल्यासारखं वाटतं मला." दिसण्याचं एक वेळ सोडा, पण लाकूड पाणी पितं ते कडेनेच, आणि बोटीवर ओल काही टळत नाही. दोन महिन्यांत ओट्याखालच्या कपाटाचं दार फुगलं. एका सकाळी जाऊबाईंनी ते उघडलं तर ते दोनदा उघडलं. एकदा दारासारखं, आणि एकदा पुस्तकासारखं.

मग मिस्त्री आले. अंगाने काटकुळे, बोलायला तोडून. त्यांनी सगळ्या कडांवरून अंगठा फिरवला, एका कडेचा वास घेतला आणि भावोजींना विचारलं, "हे असं उघडं ठेवून तुम्हाला झोप लागते?"

भावोजी ओशाळले. "खिळे मारून पट्ट्या लावता येतील ना?"

"बोटीवर खिळा मारायचा म्हणजे पाण्याला घरचा पत्ता द्यायचा," मिस्त्री म्हणाले. "अस्सल लाकडाच्या पट्ट्या काढतो, प्लायच्या जाडीच्या. दोन डब्यांचा गोंद येतो, एकात एक मिसळायचा. तो बसला की बोट बुडेल, पण पट्टी सुटायची नाही."

जाऊबाईंना हे उदाहरण आवडलं नाही, पण काम ठरलं. मिस्त्री आठवडाभर दुसऱ्या एका घरी जिन्याचं काम करत होते, म्हणून रविवार ठरला. त्याच रविवारी भावोजींनी आम्हाला बोट बघायला बोलावलं होतं. म्हणजे त्यांनी आईला सांगितलं, "धाकट्याला सांग, यायचं तर ये." आणि आईने आम्हाला सांगितलं, "थोरल्याने फार आग्रहाने बोलावलंय." निरोप पोचवता पोचवता सासूबाई त्यात थोडी साखर घालायच्या.

आम्ही आठला पोचलो. मिस्त्री सहापासून कामाला लागलेले. सातही पट्ट्या कापून, रंधा मारून, प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने तिचा नंबर घालून बाकावर ओळीने मांडलेल्या. आम्ही पाव, उकडलेली अंडी आणि चहाचा थर्मास आणला होता. सगळं छान चाललं होतं. सासूबाई गोल खिडकीपाशी बाकावर बसल्या, जाऊबाईंनी मला फुगलेल्या दाराच्या जागी आलेलं नवं दार दाखवलं, दोघे भाऊ एकमेकांना पाठ करून एकाच पाण्याकडे बघत उभे राहिले.

नऊच्या सुमारास मिस्त्रींनी दोन डबे उघडले, वाटीत गोंद मिसळला, सातही कडांना तो लावला, पट्ट्या बसवल्या आणि वर चिकटपट्टी ओढली. चिकटपट्टी दोन क्षण राहिली आणि गळून पडली. दुसरी ओढली, तीही पडली. ओलसर हवेत लाकडावर ती धरेना.

"मग दाबून धरायला शिकंजे लावा ना," भावोजी म्हणाले.

"शिकंजे नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"सगळे जिन्याला लागलेत. काढले तर जिना पडेल. वर एक आजोबा राहतात." मिस्त्रींनी वाटीला हात लावून बघितला. गोंद गरम व्हायला लागला होता, म्हणजे आता तो कोणासाठी थांबणार नव्हता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. आधी पट्ट्या मोजल्या, मग आम्हाला मोजलं.

"किती हात आहेत इथे?"

पाच मिनिटांत आम्ही सगळे कामाला जुंपलेलो होतो. सासूबाईंना बसल्या जागी खालची फळी दिली. जाऊबाई ओट्याच्या पुढच्या कडेला, कारण ती सगळ्यात दर्शनी आणि ती त्यांनी दुसऱ्या कोणाला देऊ केली नसती. मी ओट्याखालच्या कपाटाच्या कडेला, गुडघ्यांवर. मिस्त्रींनी वरची फळी एका हाताने आणि पायरीजवळची शेवटची कड टाचेने दाबून धरली. राहिलं भिंतीवरचं छोटं कपाट, त्याच्या दोन उभ्या कडा. त्या दोघा भावांच्या वाट्याला आल्या. कपाट वीतभर रुंद. एक डावीकडून, एक उजवीकडून, दोघांची नाकं आणि मध्ये चार बोटं हवा.

"बोटांनी नाही, तळव्याने," मिस्त्री म्हणाले. "सारखा दाब. आणि मी सांगेपर्यंत हात सोडायचा नाही."

"किती वेळ?" मी ओट्याखालून विचारलं.

"चार तास."

कोणीतरी हसलं. मिस्त्री हसले नाहीत, तेव्हा हसणारं गप्प झालं.

पहिला अर्धा तास बरा गेला. सासूबाईंनी जाऊबाईंना भाजीबाजार विचारला, जाऊबाईंनी मला माझ्या पाठदुखीचं विचारलं. मिस्त्री एका पायावर उभं राहून डोळे मिटून होते, झोपले होते की लाकडाचं ऐकत होते देव जाणे. मग सासूबाई म्हणाल्या, "ते पिवळं गोदाम चाललंय."

"गोदाम कसं चालेल, आई?" माझा नवरा म्हणाला.

"मघाशी खिडकीत होतं. आता अर्धंच आहे." त्यांनी मान लांब केली. "आता नाहीच."

पाण्याचा आवाज मघापेक्षा वेगळा येत होता.

"मिस्त्री," भावोजी हळूच म्हणाले, "धक्क्याच्या दोरीला हात लावला होता का तुम्ही?"

"लाँच गेली की दोरीला हिसका बसायचा. पट्टी सरकत होती. म्हणून मी दोरी जरा सैल केली."

"जरा म्हणजे किती?"

"खुंट्यावरून काढली."

भावोजींचा चेहरा मला दिसत नव्हता, पण माझ्या समोरचे त्यांचे बूट एकमेकांवर चढले. बोट धक्का सोडून निघाली होती. ओहोटी लागलेली, वारा नाही, ती आपली संथपणे खाडीच्या मधोमध चालली होती, आणि आत आम्ही सहा जण कपाटांना चिकटून उभे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"कोणीतरी वर जाऊन इंजिन चालू करा!" जाऊबाई म्हणाल्या.

"तू जा," भावोजी म्हणाले.

"आणि ओट्याची कड? ती सुटली तर मी या बोटीवर पाऊल ठेवणार नाही."

"आत्ता तरी ठेवलेलंच आहे," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा माझा नवरा म्हणाला, "आई, दादाला सांग, त्याची बोट आहे, त्याने जावं. त्याची पट्टी मी धरतो. मला दोन हात आहेत."

सासूबाईंनी मान वळवली. "थोरल्या, तो म्हणतो..."

"ऐकलं मी. त्याला म्हणावं, ज्याला शिडी धरता आली नाही, तो पट्टी काय धरणार?"

"आई, दादाला म्हणावं, शिडी मी धरलीच नव्हती. मी ती नेली होती. दोन्हींत फरक आहे."

"आई, त्याला विचार, वर माणूस आहे की नाही ते बघून न्यावी की नाही?"

"आई, त्याला विचार, माणसाने तोंड उघडून एक हाक मारावी की नाही?"

"थोरल्या..." सासूबाईंनी सुरुवात केली, पण त्यांचा एक हात फळीला, दुसराही फळीला, आणि निरोप दोन्हीकडून एकदम. त्या म्हणाल्या, "अरे, माझं काय टपाल ऑफिस आहे का? तुमची नाकं घासताहेत एकमेकांवर. तुमचं तुम्ही सांगा!"

मग भावोजी चार वर्षांत पहिल्यांदा थेट बोलले. "गाढवा," ते म्हणाले.

"तूच," माझा नवरा म्हणाला.

आणि जे सुरू झालं ते अर्धा तास थांबलं नाही. टाकी निघाली, सिनेमा निघाला, लहानपणी कोणाची दप्तरं कोणी विहिरीत टाकली ते निघालं. दोघांचे चेहरे लाल, शिरा ताणलेल्या, आणि तळवे मात्र आपापल्या पट्टीवर अगदी सारख्या दाबाने. मिस्त्रींनी एक डोळा उघडून बघितलं आणि म्हणाले, "भांडताना दाब चांगला येतोय. चालू द्या."

तेवढ्यात बाहेरून भोंगा वाजला. बंदर खात्याची लाँच आली होती. कर्ण्यातून आवाज आला, "बोटीवर कोण आहे? वर या!"

"येता येत नाही!" आम्ही सगळे ओरडलो.

"का येता येत नाही?"

"हात गुंतलेत!"

जरा वेळ कर्णा नुसताच खरखरला. मग पावलं वाजली आणि पायऱ्यांवर बंदराचे साहेब अवतरले. पांढरा गणवेश, खाकी फाइल, मिशी. त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या नियमांत बसणारं नव्हतं. एक म्हातारी फळीला रेटून, दोन बाप्ये एकमेकांवर खेकसत एका कपाटाला कवटाळलेले, एक बाई ओट्यावर ओणवी, एक ओट्याखाली, आणि एक माणूस बगळ्यासारखा. त्यांनी सरळ हुकूम सोडला, "सगळ्यांनी हात वर करा!"

कोणीही हात वर केले नाहीत.

"साहेब," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "या घरात आज कोणी हात वर करायचे नाहीत. अजून अडीच तास."

साहेबांना सगळं समजावून सांगायला सासूबाईंना फार वेळ लागला नाही, त्यांना निरोप द्यायची सवय होती. साहेब ऐकत होते आणि त्यांची नजर मिस्त्रींच्या टाचेकडे जात होती. तो पाय आता थरथरायला लागला होता. पट्टीचं वरचं टोक केसभर उघडलं.

"साहेब, उभेच आहात तर ही घ्या," मिस्त्री म्हणाले.

"मी चौकशीला आलोय."

"चौकशी तोंडाने होते," सासूबाई म्हणाल्या. "हात स्वच्छ आहेत ना?"

साहेबांनी नकळत हात बघितले, आणि तिथेच ते हरले. टोपी काढून ते पायरीवर बसले आणि दोन्ही तळव्यांनी पट्टी दाबून धरली. फाइल मांडीवर. लिहिता येईना म्हणून त्यांनी नुसतेच प्रश्न विचारले.

"बोटीचा कप्तान कोण?"

"मी," भावोजी म्हणाले.

"बोटीचा ताबा या क्षणी कोणाकडे आहे?"

सगळ्यांनी मिस्त्रींकडे बघितलं.

"प्रवासाचा हेतू?"

"कडा झाकणे," जाऊबाई म्हणाल्या.

लाँचवरचा खलाशी दारातून डोकावला. आपल्या साहेबांना कपाट धरून बसलेलं बघून तो दचकला, पण नोकरी जुनी असावी, सरळ कामाचं बोलला. "साहेब, दोर बांधून ओढून नेऊ का धक्क्याला?"

"ने," साहेब म्हणाले.

"ओढायचं नाही!" मिस्त्री ओरडले. दिवसभरात ते एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलले. "हिसका बसेल!"

साहेबांनी आपल्या पट्टीकडे बघितलं. ती अगदी नीट बसली होती. सांध्यावर गोंदाची एक बारीक, सरळ रेघ डोकावत होती, कुठे फट नाही. माझा अंदाज आहे, इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून कागदाखेरीज काहीच बनलं नसेल. ते घसा साफ करून म्हणाले, "ओढू नकोस. नुसता बाजूने चल. आणि कर्ण्यावर सांग, या भागात कोणी लाटा करायच्या नाहीत."

मग काय विचारता. आमची बोट खाडीतून वाहत चालली, बाजूने सरकारी लाँच, आणि कर्णा ओरडतोय, "लाटा करू नका! वेग कमी करा! आत काम चालू आहे!" पलीकडे जाणारी प्रवाशांची फेरीबोट मध्येच थांबली. सासूबाई खिडकीतून बघून सांगत होत्या की लोक कठड्याशी गोळा झालेत आणि काहींनी टोप्या काढल्यात. आत कोणीतरी गंभीर आजारी आहे किंवा कोणीतरी फार मोठा माणूस आहे, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं. माझे गुडघे बधिर झाले होते आणि मला हसू आवरेना, पण हसलं की हात हलतो म्हणून मी ओठ चावून आतल्या आत हसत होते, तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जाऊबाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी पायाच्या अंगठ्याने माझ्या खांद्यावर थोपटलं.

साडेअकराला बोट पलीकडच्या काठाला चिखलात टेकली. अगदी हळू, जशी एखादी म्हैस बसते तशी. थोडी कलली आणि थांबली. लाँच दूर पाण्यातच राहिली. मिस्त्रींना समाधान वाटलं. "आता कशी स्थिर झाली," ते म्हणाले. "हे आधीच करायला हवं होतं."

भावांचं भांडणही तोवर ओहोटीला लागलं होतं. ओरडून ओरडून घसे बसले. कुजबुजत चाललेलं माझ्या कानावर आलं.

"हाक का नाही मारलीस पण?" नवरा विचारत होता.

"मारणार होतो. मग वाटलं, तू येशीलच आता. मग तेवढ्यासाठी बसून राहिलो."

माझ्या नवऱ्याने नाक खांद्याला पुसलं. मग म्हणाला, "सिनेमाही भिकार होता."

एक वाजता मिस्त्रींनी वाटीत उरलेल्या गोंदावर नख मारलं. नख घसरलं. "सोडा," ते म्हणाले.

चार तास ज्याची वाट बघितली ते आलं तर कोणाचे हात सुटेनात. बोटं आखडून गेलेली. सासूबाईंचे हात मी एकेक बोट करून मोकळे केले. भावोजींची बाही पट्टीखाली चिकटली होती, ती मिस्त्रींनी पटाशीने कापली, त्यांना न विचारता. सातही पट्ट्या पक्क्या होत्या. सगळ्यात सुबक कोणाची, असं कोणी विचारलं नाही तरी साहेबांनी आपल्या पट्टीवरून दोनदा बोट फिरवलं. अहवालात बोट भरकटण्याचं कारण त्यांनी "सुतारकाम" असं लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पँट गुडघ्यांपर्यंत वर दुमडली आणि चिखल तुडवत लाँचकडे निघून गेले. जाताना एक उकडलेलं अंडं घेऊन गेले.

भरती यायला वेळ होता. आम्ही तिरप्या बाकांवर तिरपे बसून पाव खाल्ला. मिस्त्री खाता खाता पट्ट्यांच्या कडा घासत होते. अडीचच्या सुमारास बोटीखाली पाणी भरलं, ती चुळबुळायला लागली, पण बूड सोडेना. दोघे भाऊ बूट काढून खाली उतरले, पोटरीभर चिखलात, आणि ढकलायला लागले. एक पुढून, एक मागून. दोघेही जीव खाऊन. बोट जागच्या जागी.

"अरे, दोघं एका बाजूला या!" सासूबाई वरून ओरडल्या.

दोघे एका बाजूला आले. एकदाच रेटा दिला आणि बोट सर्रकन सुटली. इतकी पटकन की दोघे चिखलात तोंडावर आपटले, आणि उठून बघतात तर बोट चाळीस पावलं आत, आम्हा तिघींना आणि मिस्त्रींना घेऊन. जाऊबाईंनी धावत जाऊन नांगर टाकला. बोट थांबली. मग त्यांनी इंजिनाची किल्ली हातात घेतली. त्यांनी सगळी माहिती पुस्तिका वाचून पाठ केली होती, हे मला तेव्हाच कळलं.

काठावर दोघे नखशिखांत चिखलाने माखलेले उभे होते. कोण थोरला, कोण धाकटा, ओळखू येत नव्हतं. हात नाचवत एकमेकांना काहीतरी सांगत होते. दोष कोणाचा, हे ठरत असावं. बोटीकडे दोघांपैकी कोणाचंही लक्ष नव्हतं.

"जाऊया का परत, घेऊया त्यांना?" जाऊबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी थर्मासमधला उरलेला चहा कपात ओतला आणि खुर्ची काठाकडे वळवून घेतली.

"घाई काय आहे?" त्या म्हणाल्या. "इंजिन लावलंस की मला काही ऐकू येणार नाही."

जाऊबाईंनी किल्ली खाली ठेवली. खालून काचकागदाचा खसखस आवाज येत होता, आणि पाण्यावरून त्या दोघांचे आवाज.